दाखलखारीज रजिस्टरातून माणसांपर्यंत : गावच्या शाळेच्या दिवंगत विद्यार्थ्यांची नोंदवही

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या दिवंगत माजी विद्यार्थ्यांची नोंदवही जून २०२५ मध्ये छापून शाळेत आली. काम नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू केलं होतं. मधल्या काळात काय काय करावं लागलं, कुठे अडलं, किती खर्च आला, हे इथे क्रमाने लिहितो आहोत. शाळेची शताब्दी जवळ आली की अनेक गावांत असा विचार निघतो, आणि पहिल्याच महिन्यात कागदांच्या गठ्ठ्यापुढे माणसं हात टेकतात. तसं होऊ नये एवढ्यासाठी.

आधी एक गोष्ट ठरवून टाकावी लागते : नोंद कोणाची? शताब्दीच्या स्मरणिकेत शुभसंदेश असतात, नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती असतात, उरलेल्या पानांवर जाहिराती. पण आमच्या शाळेत नाव घातलेली निम्म्याहून जास्त मुलं चौथीच्या आत शाळेबाहेर पडलेली. कोणी मुंबईला गिरणीत, कोणी मसजिद बंदरला हमालीला, कोणी फौजेत, बाकीची गावातच शेताला आणि गुरांना. नाव कमावलेल्यांची माहिती कुठे ना कुठे सापडतेच. दुसरीतून नाव कमी झालेल्या मुलाचं पुढे काय झालं, हे त्याची नातवंडं म्हातारी व्हायच्या आत लिहून ठेवलं नाही तर कधीच लिहिलं जाणार नाही. म्हणून नियम केला, की रजिस्टरात नाव आहे आणि माणूस हयात नाही, एवढंच पुरे. डॉक्टर झालेल्याला आणि गुराखी राहिलेल्याला सारखीच जागा.

या कामाचा पाया म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजेच दाखलखारीज रजिस्टर. हे कायमस्वरूपी जपायचं दप्तर आहे. हजेरीपट आणि निकालपत्रकं मुदत संपली की नष्ट करता येतात, हे करता येत नाही. सातारच्या हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकाला ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आजही दाखवता येते, ती याचमुळे. त्या तारखेला आता राज्यभर विद्यार्थी दिवस पाळतात. त्या नोंदीच्या मागच्यापुढच्या ओळींतली मुलंही तितक्याच खऱ्या शाईने लिहिलेली आहेत. आमच्या शाळेचं रजिस्टर इतकं जुनं नाही, पण जिल्हा परिषदा येण्याआधीच्या लोकल बोर्डाच्या काळापासूनचं आहे.

परवानगीचा भाग सरळ असतो, फक्त सावकाश चालतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव घ्यायचा, त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहायच्या : रजिस्टर शाळेबाहेर नेणार नाही, मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेल्या शिक्षकांसमोरच हाताळू, हयात व्यक्तींची माहिती छापणार नाही, जातीचा रकाना छापणार नाही. ठरावाची प्रत आणि अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. नंतर चौकशीला गेलं की पहिला प्रश्न आवक क्रमांकाचाच असतो. डिसेंबरात अर्ज दिला, जानेवारी २०२३ च्या शेवटी पत्र हातात आलं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करण्याचा सल्ला बरेच जण देतात. आमचं मत वेगळं आहे. तो अर्ज आला की शाळा बचावाच्या पवित्र्यात जाते, सुट्या नकला मिळतात आणि वर्षभराचं सहकार्य जातं. ज्या मुख्याध्यापकांच्या कपाटात रजिस्टर आहे, त्यांना या कामात पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावं.

फेब्रुवारी ते एप्रिल रजिस्टरांचे फोटो काढले, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. स्कॅनर वापरू नका. जुन्या रजिस्टरची बांधणी उताणी दाबली की पाठ उकलते आणि पानं सुटी होतात. मोबाइल स्टँडला आडवा बांधून, दाराजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, दोन्ही पानं एका चौकटीत घ्यायची. पान फार वाकलेलं असेल तर बांधणीखाली घडी घातलेला पंचा ठेवला की सपाट होतं. फाइलला नाव देताना वर्ष, खंड आणि पहिला रजिस्टर क्रमांक. हे त्याच दिवशी करायचं. महिन्याभराने शेकडो फोटोंना नावं देणं होत नाही. कसर लागलेली पानं मऊ ब्रशने झाडायची, फुंकायची नाहीत. फाटलेल्या कडेला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा पडतो आणि खालची शाई घेऊन सुटतो. काम झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती रुमालात बांधावं. पाटणच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते.

मग वाचन. रकाने साधारण ठरलेले : क्रमांक, मुलाचं व बापाचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, दाखल तारीख, कोणत्या इयत्तेतून नाव कमी झालं, तारीख, कारण, शेरा. जुन्या नोंदींत आडनाव नसतंच, ‘धोंडी बिन गणू’, म्हणजे गणूचा मुलगा धोंडी, एवढंच. अशा वेळी वाडीचं नाव आणि लगतच्या ओळींतली भावंडं यांवरून घर लावावं लागतं. जन्मतारखेवर विसंबू नका. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे वय धरून १ जून लिहायची पद्धत असल्यामुळे एकेका पानावर एक जूनवाल्यांची रांग असते. अंकी आणि अक्षरी तारखेत फरक असेल तर अक्षरी धरा. देवनागरी १ आणि ९, ४ आणि ५ यांत घाईच्या हाताने गोंधळ होतो, अक्षरांत तो होत नाही. कागदांवर ‘उत्तर सातारा’ असा जिल्हा दिसला तर तो कागद १९४९ ते १९६० मधला. सांगली तेव्हा दक्षिण सातारा होती.

सगळ्यांत जास्त सांगतो तो रकाना कारणाचा. ‘घरकाम’, ‘गुरे राखणे’, ‘सतत गैरहजर’, ‘मुंबईस गेला’, ‘लग्न झाले’, ‘मयत’, आणि कोयना धरणाच्या काळात एका पानावर ओळीने ‘गाव उठले’. शाळेच्या एका कोपऱ्यातल्या वाड्यांची मुलं अशी एकाच महिन्यात कमी झालेली. या ओळींच्या मुलांना शोधायचं तर पुनर्वसनाच्या गावांत जावं लागतं आणि ती गावं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पसरलेली आहेत. तिथे जुन्या गावाच्या नावाने विचारायचं. नव्या वसाहतीतही लोक एकमेकांना जुन्या गावानेच ओळखतात. ‘मयत’ शेरा असलेल्या मुलांना आम्ही नोंदवहीत सगळ्यात आधी घेतलं. सातव्या-आठव्या वर्षी गेलेल्या मुलाचा दुसरा कागद बहुतेक वेळा कुठेच नसतो.

सुरुवातीच्या खंडांतले शेरे मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्वदीर्घ वेगळं लिहीत नाहीत, शब्द सुटे करत नाहीत, त्यामुळे नुसती अक्षरं शिकून भागत नाही, गावातली नावं माहीत असणारा माणूस वाचकाशेजारी बसवावा लागतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मोडीवाचक पानामागे दीडशे रुपये घेत होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तहसील कार्यालयांत आणि शाळांत जुन्या दप्तरांची तपासणी सुरू झाली आणि मोडीवाचक मिळेनासे झाले. आमचं वाचन मार्च २०२४ पर्यंत थांबलं, दर तीनशेवर गेला. पण त्याच मोहिमेत अनेक जिल्ह्यांनी जुन्या नोंदींच्या स्कॅन प्रती जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकल्या. आपला तालुका, गाव तिथे आधी बघावं, बरेच हेलपाटे वाचतात. घाई नसेल तर आपल्यातल्या एखाद्या तरुणाला मोडी शिकवावी. राज्य पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे वर्ग असतात.

याच काळात गावातली माणसं आमच्याकडे कुणबी नोंद बघायला येऊ लागली. त्यांना मुख्याध्यापकांकडे रीतसर अर्ज करायला सांगितलं आणि आमच्याजवळच्या फोटोंतला जातीचा रकाना झाकून दुसरी प्रत केली. स्मरणासाठी घेतलेला कागद दाखल्यांसाठी फिरू लागला, तर लोक रजिस्टरकडे त्याच नजरेने बघतात आणि शाळा पुन्हा कपाट उघडत नाही.

मृत्यूची तारीख मिळवणं हे दुसरं मोठं काम. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू झाल्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) असतात. त्याआधीच्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. अर्जात वर्षांचा पट्टा लिहा. ‘सर्व नोंदी’ असं लिहिलेला अर्ज परत येतो. आणि निवडणुकीची आचारसंहिता कधी लागणार ते बघून अर्ज करा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळी अभिलेख कक्षातला कर्मचारी निवडणुकीच्या कामावर गेला आणि अर्ज पडून राहिले.

कागद नसला तरी काळ ठरवता येतो. घरच्यांना साल विचारू नका, ते सांगता येत नाही, किंवा कुणी तरी दडपून एखादं साल सांगतं. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ असं विचारा. आमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सगळ्यांना आठवते. त्यापुढचे टप्पे : बहात्तरचा दुष्काळ, जानेवारी १९८२ चा गिरणी संप, त्याच मार्चमध्ये माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील गेले ते, ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या, मुंबईची दंगल, २६ जुलै २००५ चा पाऊस. अशा दोन टप्प्यांमध्ये मृत्यू बसला, की त्यातून काही वर्षांचा पट्टा निघतो, मग महिना विचारायचा. तो बायकांच्या अचूक लक्षात असतो, कारण वर्षश्राद्धाची तिथी त्याच पाळतात. तिथीवरून तारीख काढायला त्या सालचं पंचांग लागतं.

अलीकडच्या मृत्यूंसाठी एक वेगळीच जागा उपयोगी पडली : तालुक्याच्या बाजारपेठेतलं फ्लेक्सचं दुकान. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फलक तिथेच छापून घेतात. दुकानदाराच्या संगणकात तारखेप्रमाणे फोल्डर आणि त्यात फोटो, पूर्ण नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, खाली शोकाकुल म्हणून सगळ्या घरच्यांची नावं. छापताना फोटोचं केस-कपाळ नीट केलेलं असतं, तरी मूळ फोटोही शेजारी सापडतो. घरच्यांची परवानगी दाखवली की देतात. घरातल्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढताना काच काढायच्या भानगडीत पडू नका, जुना फोटो काचेला चिकटलेला असतो आणि चेहऱ्याचा पापुद्रा निघतो. फ्रेम उतरवून जमिनीवर उभी करायची, आपल्यामागे कोणी तरी काळं कापड धरायचं, म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही.

आता मुली. या कामातला सर्वांत कठीण भाग हाच आणि इथेच बहुतेक नोंदवह्या लंगड्या राहतात. रजिस्टरात ‘हौसा बाबू’, नाव कमी होण्याचं कारण ‘लग्न झाले’, वय बारा. लग्नानंतर आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, बऱ्याचदा सासरी पहिलं नावही बदललं. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला म्हणून त्यांचं नाव राहिलं. ज्यांचं काहीच छापलं गेलं नाही, त्या मुलींसाठी दुसऱ्या वाटा काढाव्या लागतात.

आमच्या दोन वाटा चालल्या. पहिली जमिनीच्या कागदांची. बाप वारला की वारस नोंद होते, गाव नमुना ६-क, आणि त्यावरून फेरफार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारस म्हणून लागतात, त्यामुळे फेरफारात मुलीचं सासरचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलेलं असतं. पुढे तिने हक्कसोड केलं असेल तर त्या दस्तात वय आणि पत्ताही. माहेरच्या बापाचं नाव रजिस्टरात आहेच, त्याचा सातबारा काढायचा, त्यावरचे फेरफार क्रमांक बघायचे आणि ‘मयत’ शेऱ्याचा फेरफार मागायचा. स्कॅन झालेले जुने फेरफार महसूल विभागाच्या आपले अभिलेख या संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे मिळतात, बाकीच्यांसाठी तहसील. ज्या घराला जमीन नव्हती, तिथे ही वाट बंद.

दुसरी वाट हळदीकुंकवाची. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत एकेका वाडीत पंचवीस-तीस बायका एकत्र बसतात. जानेवारी २०२४ मध्ये आमच्यातल्या शिक्षिका आणि अंगणवाडी ताई मुलींच्या नावांची यादी घेऊन गेल्या. एकीने नाव वाचायचं, बाकीच्यांनी जोडत जायचं : ‘ती का, मधल्या आळीची, ढेबेवाडीकडं दिली, तिकडं तिला सुमन म्हणायचे.’ एकट्या घरी विचारलं तर पुरुष पुढे येऊन बोलतात आणि बायका गप्प राहतात. घोळक्यात एकीची आठवण दुसरी दुरुस्त करते. मात्र ऐकलेलं तसंच न छापता सासरच्या गावातून एकदा पक्कं करून घ्यावं. चुलत बहिणींची नावं एकच असणं ही नेहमीची गोष्ट, आणि तिथेच दोन आयुष्यं एकात मिसळतात. कोणतीही ओळ छापायला दोन स्वतंत्र आधार हवेत, हा नियम आम्ही शेवटपर्यंत सोडला नाही. एकच आधार असेल तर नुसती रजिस्टरातली नोंद जशीच्या तशी.

मुंबईचं काम २०२४ च्या पावसाळ्यानंतर रविवारी केलं. ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत वर्गणीच्या जुन्या वह्या असतात. कोण कधीपासून कधीपर्यंत वर्गणी देत होता, यावरून मुंबईतली वर्षं कळतात. गिरणी कामगारांसाठी घरी एक कागद हमखास असतो : म्हाडाकडे घरासाठी भरलेल्या अर्जाची पोच. त्यासाठी गिरणीचं नाव, खातं, तिकीट नंबर, कामाची वर्षं शोधून काढलेली असतात, आणि घराच्या आशेने ती फाइल कोणी टाकलेली नसते. साचेखात्यात (विणकामात) होते की त्रासनात (सूतकताईत), बदली की कायम, हे त्यातूनच कळतं. माथाडींसाठी बोर्डाचा नोंदणी क्रमांक आणि टोळी. हयात असलेला टोळीवाला भेटला, तर गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांपेक्षा तोच जास्त सांगतो, कारण दिवसाचे बारा तास ते शेजारी होते.

फौजेत गेलेल्यांचं त्या मानाने सोपं. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. आडनावाने शोधू नका, इंग्रजीत जाधवचं जाधाओ होतं आणि पुष्कळदा आडनाव नसतंच. बापाचं नाव आणि गाव किंवा तालुका यांवर शोधा. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. वारसाने स्वतः अर्ज केला तर उत्तर लवकर येतं.

घरी बसून बोलताना काय लिहायचं यापेक्षा काय लिहायचं नाही हे आधी ठरवा. आत्महत्या, दारू, भाऊबंदकीचा खटला, टाकलेली बायको, यातलं काही घरच्यांनी स्वतः लिहा म्हटल्याशिवाय आम्ही घेतलं नाही. मजकूर साधारण शंभर ते दीडशे शब्द. ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’ हे शब्द टाळले, ते सगळ्यांना लागू पडतात. त्याऐवजी हाताचं काम विचारलं : नांगर कोणत्या बैलांवर धरायचे, भजनात पखवाज की टाळ, मुंबईहून येताना काय आणायचे, सही करायचे की अंगठा. दुसरीतून शाळा सुटलेल्या एका आजोबांनी आयुष्यभर पोष्टाच्या पासबुकावर वळणदार सही केली, ती सहीच त्यांच्या पानावर छापली आहे. पान तयार झालं की घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवायचं आणि संमतिपत्रावर सही घ्यायची. वाचून दाखवताना घरच्यांना आणखी आठवतं, तेव्हा दुसरा कागद बरोबर ठेवा. काही घरांनी नको म्हटलं, त्यांच्या माणसाची फक्त रजिस्टरातली ओळ आहे.

छपाईबद्दल थोडक्यात. मजकूर युनिकोडमध्ये ठेवा आणि जुळारी तो श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत बदलणार असेल तर बदलल्यानंतरचं प्रूफ अक्षर न् अक्षर वाचा. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ट्ट’ इथे हमखास तुटतात आणि त्या तुटीत लोकांची आडनावं असतात. तीनशे प्रती, ऐंशी जीएसएम मॅपलिथो कागद, शिलाई बांधणी, कापडी पाठ. डिंकाची बांधणी स्वस्त पडते, पण सतत उघडल्या जाणाऱ्या पुस्तकाची पानं दोन वर्षांत सुटतात. छपाईला सुमारे ऐंशी हजार, मोडीवाचनाला बावीस हजार, नकला, प्रवास आणि टपाल मिळून तीस हजारांच्या आसपास. पैसे वर्गणीतून उभे केले, जाहिरात घेतली नाही आणि देणगीदारांची यादी शेवटच्या पानावर रक्कम न लिहिता अकारविल्हे दिली. रक्कम छापली की पुढच्या वेळी पन्नास रुपये देणारा येत नाही. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला प्रती पाठवायच्या असतात. त्या जरूर पाठवा, गावातल्या प्रती पावसाने गेल्या तरी तिथे राहतील.

पुस्तकाच्या शेवटी सोळा कोरी पानं बांधून घेतली आहेत आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात रजिस्टरांशेजारी दुरुस्तीची वेगळी वही ठेवली आहे. गावच्या यात्रेला बाहेरगावचे लोक येतात, त्या दोन दिवसांत ती वही शाळेच्या ओसरीवर काढून ठेवायची, असं समितीच्या ठरावात घेतलं आहे. नवी माहिती लिहिणाऱ्याने तीन गोष्टी लिहायच्या : तारीख, स्वतःचं नाव आणि ही माहिती कुठून कळली. तिसरी गोष्ट नसलेली नोंद पुढच्या आवृत्तीत घेतली जाणार नाही.